कूस बदलण्याचा तक्ता

४ मार्च

ताई,

फोनवर आपण दोघी एकमेकींना वाक्य पुरं करू देत नाही, आणि फोन ठेवला की दोघीही तुमच्या बंधुराजांवर चिडतो. तुम्ही म्हणालात तसं आता पत्रच बरं. निदान मधे कुणी बोलणार नाही.

आईंना केअर सेंटरमध्ये ठेवून काल दोन महिने झाले. खुब्याच्या दुसऱ्या ऑपरेशननंतर त्यांना उचलायला दोन माणसं लागतात, आमचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आणि आम्ही दोघं दिवसभर बाहेर. आपण तिघांनी बोलूनच ठरवलं होतं, त्यामुळे ते पुन्हा उगाळत नाही. फक्त काल काय पाहिलं ते सांगते.

ऑफिसातून लवकर सुटून साडेतीनला पोचले. आईंच्या अंगात जांभळा स्वेटर. आपल्याकडे जांभळा स्वेटर नाहीच. कॉलरला आतून दुसऱ्याच कुणाच्या खोलीचा नंबर शिवलेला. कानाचं मशीन खणात, बॅटरी उलटी घातलेली. म्हणजे दिवसभर कोण काय बोलतंय ते त्यांना ऐकू आलेलं नाही, आणि वहीत मात्र 'आजी प्रतिसाद देत नाहीत' अशी नोंद. पाण्याचा पेला टेबलावर, टेबल खिडकीपाशी, आई पलंगावर. पेल्याकडे बघत राहायचं, एवढीच सोय.

मी बेल दाबली. पस्तीस मिनिटं कुणी आलं नाही. आई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये एकतीस वर्षं ऑपरेटर होत्या हे या लोकांना कोण सांगणार? त्या मला म्हणाल्या, आमच्याकडे तिसऱ्या घंटीला उचललं नाही तर मेमो मिळायचा. शेवटी एक आया आली. सहा फूट तरी उंच असेल, आई तिला 'टॉवर' म्हणतात. ना नमस्कार, ना चमत्कार. माझ्याकडे बघून म्हणाली, "थांबा म्हटलं होतं यांना. दोन नंबरला उलटी झालीय." बेल बंद केली आणि निघून गेली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

तशीच व्यवस्थापिकाबाईंकडे गेले. काचेची खोली, कोपऱ्यात मासे, ओठांवर हसू. सगळं ऐकून म्हणाल्या, आम्ही यात लक्ष घालतो. ताई, मी पाणीपुरवठ्याच्या तक्रार खिडकीवर बसते. हेच वाक्य मी दिवसातून चाळीस वेळा म्हणते. त्यात किती दम असतो ते मला माहीत आहे.

बंधुराज गाडीतच बसून होते. त्यांना आत येववत नाही म्हणे.

तुमची
छोटी


११ मार्च

प्रिय छोटी,

पत्र वाचून जेवण गेलं नाही. आमच्या कारखान्यात औषधाच्या एका बाटलीवर लेबल वाकडं लागलं तर अख्खी लाइन थांबवतात, आणि थांबवणारी मी असते. इथं माझ्या आईला दुसऱ्या खोलीचं लेबल लावलंय आणि व्यवस्थापिका मासे पाळते आहे.

तू चिडलीस ते ठीक, पण चिडून काही होत नाही. कागद लागतो. अशा ठिकाणी पलंगाजवळ एक तक्ता असतो, दर दोन तासांनी कूस बदलली, पाणी दिलं, कपडे बदलले, त्यापुढे सह्या. ज्यांना स्वतः वळता येत नाही त्यांना दोन तासांनी वळवावंच लागतं, नाहीतर पाठीला जखमा होतात. त्या तक्त्याचा फोटो पाठव, मागच्या सगळ्या पानांसकट. आणि ती उंच आया कुठल्या पाळीला असते ते बघ.

तू आठवड्यातून दोनदा जातेस ते कमी असं मी म्हणत नाही. मी सहा महिन्यांत एकदाही आलेले नाही, त्यामुळे मला म्हणायचा हक्कही नाही. पण जाशील तेव्हा वेळ बदलून जा. ठरलेल्या वेळी गेलीस की त्यांना तयारी करता येते.

बंधुराजांना म्हणावं, गाडीत बसून आई दिसत नाही.

ताई


१७ मार्च

ताई,

सोबत फोटो आहेत. तुमचा अंदाज बरोबर निघाला. सकाळच्या पाळीचे रकाने भरलेले, रात्रीचे भरलेले, आणि दुपारच्या पाळीत भोकंच भोकं. दोन महिन्यांत मी एकवीस कोरे रकाने मोजले. सगळे टॉवरच्या पाळीतले. बाकीच्या रकान्यांत तिची सही आहे, म्हणजे तक्ता माहीत नाही असंही नाही. सरळ सरळ कामचुकारपणा.

एक मात्र सांगायला हवं. आईंची नखं कापलेली होती, आणि उजव्या टाचेखाली टॉवेलची घडी करून ठेवली होती, टाच गादीला टेकू नये म्हणून. कुणी केलं विचारलं तर आई म्हणाल्या, टॉवरनं. तिच्याविरुद्ध त्या अक्षरही ऐकून घेत नाहीत. म्हणतात, ती खरं बोलते. पण आई हल्ली टीव्हीवरच्या बातम्यावालीलाही उत्तरं देतात, तेव्हा त्यांच्या शिफारशीवर किती विसंबायचं ते तुम्ही ठरवा.

मी व्यवस्थापिकाबाईंना फोटो दाखवले नाहीत. तुम्ही लिहिणार असाल तर तुम्हीच लिहा. माझं तोंड त्यांना पाठ झालंय.

छोटी


२८ मार्च

प्रिय छोटी,

लिहिलं. नऊ मुद्दे, प्रत्येकाला तारीख, सोबत तुझे फोटो. प्रत सेंटरच्या मुख्य कार्यालयाला, प्रत तपासणी कार्यालयाला. चार दिवसांत उत्तर आलं. 'संबंधित सेविकेला तात्काळ सेवामुक्त करण्यात आले असून नोंदींबाबत कडक सूचना दिल्या आहेत.'

बघितलंस? लिहिलं की हलतात. दोन महिने तू काचेच्या खोलीत जाऊन डोकं आपटलंस, त्यापेक्षा एक कागद बरा. आता तक्ता नीट भरला जातो का तेवढं बघ.

मला आज बऱ्याच दिवसांनी बरं वाटतंय. एवढ्या लांब बसून आईसाठी काहीतरी करता आलं.

ताई


२१ एप्रिल

ताई,

तीन आठवडे लिहिलं नाही. आधी लिहिण्यासारखं काही वाटलं नाही, आणि गेले आठ दिवस लिहायची हिंमत होत नव्हती.

तुमची तक्रार गेल्यावर तक्ता अगदी चकाचक झाला. एकही रकाना कोरा नाही. मीही निर्धास्त झाले. ऑफिसात वर्षअखेरीची कामं होती, त्यामुळे आठवड्यातून एकदाच जात होते, तेही पंधरा मिनिटं. आई गप्प असायच्या. मला वाटलं, रुळल्या.

मागच्या सोमवारी त्यांची चादर ओली लागली म्हणून मीच सरकवायला गेले, तर वास आला. पाठीच्या खाली, माकडहाडाशी, जखम आहे. मी इथं वर्णन करत नाही. बाहेरून डॉक्टर आणले, सेंटरचे नकोत म्हटलं. ते म्हणाले, तीन बोटं रुंद आहे, आणि निदान दोन आठवडे यांना कुणी धड वळवलेलं नाही.

मी तक्त्याकडे बघितलं. सगळीकडे सह्या. मग घड्याळाकडे बघितलं. तीन वाजून दहा मिनिटं झाली होती. तक्ता संध्याकाळी सहापर्यंत भरलेला होता. चार वाजता कूस बदलली, सही. सहा वाजता कूस बदलली, सही. एकाच पेनानं, एका दमात, एकाच तिरक्या अक्षरात.

मी आईंना मशीन घालून विचारलं, तुम्ही बेल का नाही वाजवली? त्या माझ्याकडे बघून शांतपणे म्हणाल्या, "कुणासाठी वाजवू? ती येत होती. उशिरा यायची, पण यायची. आणि नाही आली तर तसं कोरं सोडायची. तुम्ही तिलाच घालवलंत."

ताई, त्या टीव्हीशी बोलत असतील, पण आपल्या दोघींपेक्षा त्यांना जास्त दिसत होतं.

बंधुराज आत आले होते. मीच हाताला धरून आणलं. जखम बघितली आणि बाहेर व्हरांड्यात वजनकाट्याची खुर्ची असते तिच्यावर जाऊन बसले. मला रागवायचं होतं, पण रागवायला आता कुणी उरलंय असं वाटेना.

छोटी


२७ एप्रिल

प्रिय छोटी,

पत्र चार वेळा वाचलं. पहिल्या वेळी तुझ्यावर चिडले, की आठवड्यातून एकदाच का गेलीस. दुसऱ्या वेळी बंधूवर. तिसऱ्या वेळी त्या बाईवर आणि तिच्या माशांवर. चौथ्या वेळी चिडायला मीच राहिले होते.

बावीस वर्षं कारखान्यात नव्या मुलामुलींना मी पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकवते. कोरा रकाना दिसला तर माणसाला जाऊन विचारा, का कोरा आहे. आणि सगळेच रकाने भरलेले दिसले तर तडक मशीनपाशी जा, कारण कुणीतरी खुर्चीत बसून भरतंय. हे मी शिकवते. आणि एकवीस कोरे रकाने बघून मी एका माणसालाही काही विचारलं नाही. नऊ मुद्दे लिहिले.

टाचेखालच्या टॉवेलबद्दल तू लिहिलं होतंस. मी ती ओळ वाचून पुढं गेले.

सहापर्यंत भरलेल्या तक्त्याचा फोटो काढला असशील तर घड्याळासकट पाठव. नसेल तर पुन्हा जा, असा तक्ता एकदाच भरत नाहीत. या वेळी मुख्य कार्यालयाला नाही, फक्त तपासणी कार्यालयाला लिहिते आहे. आणि माझी पहिली तक्रार कुठं चुकली तेही त्यातच लिहिते आहे. जखमेवर कोण मलमपट्टी करतंय, दिवसातून किती वेळा, ते कळव. दुसऱ्या कुठल्या सेंटरमध्ये जागा मिळते का तेही बघ.

आणि ती उंच आया कुठं आहे ते शोध. तुला वेळ नाही मला माहीत आहे. तरी शोध.

ताई


८ मे

ताई,

आधी आईंचं. बाहेरची नर्स रोज सकाळी ड्रेसिंगला येते. ताप नाही. जखम भरायला महिने लागतील म्हणाली. फोटो काढले, घड्याळासकट, दोन वेगवेगळ्या दिवशी. दुसरी तीन सेंटर बघितली. दोन ठिकाणी आठ महिने जागा नाही. तिसऱ्या ठिकाणी आहे, आणि ती का आहे ते आत पाऊल टाकल्यावर नाकाला कळलं. त्यामुळे तूर्त आई तिथंच आहेत. मी रोज ऑफिसातून परस्पर जाते, बंधुराज सकाळी.

टॉवर सापडली. स्वयंपाकघरातल्या बाईनं सांगितलं, मोठ्या हॉस्पिटलच्या धुलाई विभागात लागली आहे. गेले. तळघरात एक लांब खोली, कानठळ्या बसवणारी यंत्रं, आणि ती ओल्या चादरींचा गठ्ठा एकटी गाडीवर चढवत होती. मला ओळखलं. काम थांबवलं नाही. मी तिच्या मागं मागं चालत बोलत होते, आमच्या खिडकीसमोर रांगेत उभ्या राहणाऱ्या माणसांना कसं वाटतं ते तेव्हा कळलं.

तिनं जे सांगितलं ते असं. दुपारच्या पाळीला चौतीस माणसांना दोन आया. त्यातली एक बहुतेक वेळा गैरहजर. एकटीनं उचलायचं नाही असा नियम, आणि उचलल्याशिवाय वळवता येत नाही. जिथं पोचायची तिथं सही करायची, जिथं पोचायची नाही तिथं कोरं सोडायची. कोरं सोडलं म्हणून व्यवस्थापिकाबाईंनी तिला तीनदा खोलीत बोलावलं होतं. भरून टाक, कोण बघतंय, असं सांगितलं. तिनं भरलं नाही. मी म्हटलं, आम्हाला का नाही सांगितलंत? त्यावर थांबून म्हणाली, "तुम्ही यायच्या तेव्हा मला कधी काही विचारलंत? तुम्ही काचेच्या खोलीत जायच्या." आणि मग, "त्यांना मला काढायला एक कारण हवं होतं. तुमच्या नणंदेनं नऊ दिली."

 

परत येणार का असं विचारायचं धाडस केलं. नाही म्हणाली. माणसं उचलून कंबर गेली आहे, आणि चादरी कुणाकडे तक्रार करत नाहीत. मी निघाले तर मागून हाक मारून विचारलं, जखम डावीकडे जास्त आहे का? हो म्हटलं. तर म्हणाली, झोपेत त्या डावीकडेच सरकतात, पाठीमागे घट्ट उशी लावावी लागते, नुसतं वळवून भागत नाही. ड्रेसिंगच्या नर्सला सांगा.

सांगितलं. नर्स म्हणाली, हे तुम्हाला कुणी शिकवलं?

छोटी


१५ मे

प्रिय छोटी,

रजा मागितली. पंधरा जूनच्या आधी मिळत नाही. या वेळी भांडून झालं, रडून झालं, नाही म्हणजे नाही.

सोबत दुसरं पाकीट आहे, तिच्यासाठी. बंद केलेलं नाही, तू वाच. सहाव्यांदा लिहिलेला खर्डा आहे. आधीच्या पाचांत मी कारणं देत होते, की लांब होते, काळजीत होते, फोटोवरून दिसेल ते दिसलं. ती सगळी काढून टाकली. तरी दोन पानं झाली आहेत. माफी एवढी लांब का होते कळत नाही.

तिला हातात दे. पोस्टात टाकू नकोस.

ताई


४ जून

ताई,

तपासणी कार्यालयाची माणसं दोन आठवड्यांपूर्वी, शुक्रवारी आली. कळवून आली नाहीत, हे एक बरं झालं. एक बाई आणि एक गृहस्थ. तक्ते घेतले, हजेरीची वही घेतली, मग खोल्यांतून फिरले. आमच्या खोलीत व्यवस्थापिकाबाई मागोमाग आल्या, हसत. तपासणीच्या बाईंनी आईंना मोठ्यानं विचारलं, आजी, तुमची काही तक्रार आहे का? मशीन घातलेलं होतं, ओरडायची गरज नव्हती. आई ऑपरेटरच्या आवाजात म्हणाल्या, "पहिली तक्रार माझ्या मुलीनं केली होती, ती चुकीच्या माणसाविरुद्ध होती. ते आधी लिहून घ्या. मग माझी सांगते." आणि मग त्यांनी सगळं सांगितलं. तारखांसकट, ताई. कुठल्या दिवशी कुणाची बेल किती वेळ वाजत राहिली, कोण आलं, कोण नाही. त्या गप्प होत्या तेव्हा रुळल्या नव्हत्या, मोजत होत्या. व्यवस्थापिकाबाईंचं हसू कुठं गेलं ते मला दिसलं नाही, कारण मी आईंकडे बघत होते.

निकाल असा. सेंटर बंद झालं नाही, व्यवस्थापिकाबाईही आहेत. दुपारच्या पाळीला तिसरी आया नेमायचा आदेश झाला आहे, आणि तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी. तिसरी आया अजून आलेली नाही. 'प्रक्रिया सुरू आहे.' हे वाक्यही आमच्या खिडकीचंच आहे.

तुमचं पत्र तळघरात नेऊन दिलं. तिनं उभ्या उभ्या दोन्ही पानं वाचली, घडी घालून एप्रनच्या खिशात ठेवली. म्हणाली, अक्षर छान आहे. मग म्हणाली, माफीचं असू द्या, मला दुसरा कागद द्या. रकाने कोरे का सोडले होते, आणि तुमची तक्रार का चुकली, एवढंच पाच ओळींत, सहीनिशी. कामावरून काढल्याचं कागदावर लिहून दिलंय, पुढं कुठं अर्ज केला की तेच विचारतात. ताई, हा कागद तुम्ही नऊ मुद्द्यांपेक्षाही लवकर लिहा.

आणि काल रविवारी ती आली. भेटायच्या वेळेत, भेटायला आलेल्या माणसासारखी. दारावरच्या वहीत नातं लिहायचं असतं, तिथं तिनं 'ओळखीची' लिहिलं, त्यामुळे कुणाला अडवता आलं नाही. आईंनी तिला बघून पहिलं काय विचारावं? दोन महिने कुठं होतीस आणि रजा कुणी मंजूर केली होती. ती पलंगाच्या कडेला बसली आणि हसली. हसताना मी तिला पहिल्यांदाच बघितलं. मग आई तिचा हात धरून थोड्या रडल्या, आणि ती त्यांना थांबा वगैरे काही म्हणाली नाही, रडू दिलं.

जखम आता दोन बोटांवर आली आहे. तिनं स्वतः उचललं नाही, कंबर. पण बंधुराजांना उभं केलं आणि शिकवलं, एक हात खांद्यामागं, एक गुडघ्यांच्या खाली, ओढायचं नाही, लोटायचं नाही, आधी सांगायचं आणि मग वळवायचं. पहिल्या खेपेला आई ओरडल्या, दुसऱ्या खेपेला नाही. घरी येताना गाडीत ते म्हणाले, आई किती हलकी झाली आहे, मला माहीतच नव्हतं. मलाही तीन महिन्यांपूर्वी माहीत नव्हतं.

तुम्ही पंधराला निघताय. फाइल आणू नका. दोन घट्ट उशा आणा, इथल्या चपट्या आहेत. आणि स्टेशनवरून घरी येऊ नका, परस्पर तिकडे या, चारच्या आत. चार वाजता कूस बदलायची असते, आणि त्या वेळी तिथं अजूनही एक माणूस कमी पडतं.

तुमची
छोटी